तड्यावरची पट्टी

९ जानेवारी
घर घेतलं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परसदार आणि गल्लीत हॉर्नचा आवाज नाही. किंमत ऐकून वाटलं दलालाची जीभ घसरली, म्हणून तो भानावर यायच्या आत हो म्हणून टाकलं. तोही घाईतच होता. सही होताच पेनसुद्धा न घेता गेला.

जाता जाता म्हणाला, गावाखाली जुनी कोळशाची खाण आहे, पण बंद आहे. बंद म्हणजे बंद. माझा जन्म विम्याच्या ऑफिसात गेला, धोका मला वासावरून कळतो. इथे वास फक्त मोकळ्या हवेचा.

ही तूर्त तिच्या बहिणीकडे. शहरातला फ्लॅट विकल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. घर राहण्यासारखं झालं की येईन म्हणाली. म्हणजे येणार.

१२ जानेवारी, सकाळ
उद्यापासून पहाटे उठणे. परसात भाजी लावणे. शेजाऱ्यांशी मिळूनमिसळून वागणे, पण डोक्यावर बसवून न घेणे.

(पहाटेचं पुढच्या आठवड्यापासून. थंडी फार.)

शेजार म्हणजे शिंपीणकाकू. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. काकू एकट्याच असतात, दिवसभर मशीन चालू. यजमान कुठे असतात विचारलं. खाणीत होते, तिथेच राहिले, म्हणाल्या. मी म्हटलं, रिटायर झाल्यावरसुद्धा? त्या पुन्हा मशीन चालवायला लागल्या. गावाकडची माणसं जरा अबोल असतात.

२१ जानेवारी
ओट्यावरच्या भिंतीला बारीक तडा आहे. जुन्या घराला तो शोभून दिसतो.

आज खाणीच्या ऑफिसातला माणूस आला. गल्लीत त्याला काचवाला म्हणतात. त्याने तड्यावर बोटाएवढी काचेची पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट केली, खाली तारीख घातली. भिंत सरकली की ही फुटेल, फुटली की मला कळवा, तोवर हात लावू नका, म्हणाला. चहाला आत बोलावलं तर आत येत नाही म्हणाला. ओट्यावर घ्या म्हटलं तर ओट्यावरही नको म्हणाला. सरकारी माणूस फुकटचा चहा सोडतो हे प्रथमच पाहिलं. गाव सचोटीचं दिसतं.

२ फेब्रुवारी
गल्लीत प्रत्येक घराला अशी पट्टी आहे. सकाळी उठून माणसं आधी तिच्याकडे बघतात, मग चूळ भरतात. समोरचा न्हावी तर ब्रश तोंडात धरून काचेसमोर उभा असतो. आम्ही शहरात पेपर वाचायचो, हे काच वाचतात. हळूहळू यांना चांगल्या सवयी लावाव्या लागतील.

भाजी अजून लावली नाही. माती पायाखाली जरा दबते. भुसभुशीत आहे, म्हणजे सुपीक असणार.

७ फेब्रुवारी
न्हाव्याची काच फुटली. सांत्वन करायला गेलो तर घरात लग्नघराची धांदल. ज्याची काच फुटते त्याला टेकडीवरच्या नव्या वसाहतीत खोल्या मिळतात म्हणे. मी त्याला समजावलं की बोटभर काचेसाठी राहतं घर सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्याने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, तुम्ही हे घर आत्ता विकत घेतलंत? होय म्हटलं. त्याने बराच वेळ हात सोडला नाही. मला भरून आलं. शहरात न्हावी मान सोडून कशाला हात लावत नाही.

दुपारी ट्रक आला आणि ते सगळे गेले.

१६ फेब्रुवारी
विहिरीचं पाणी गेलं. काल होतं, आज नाही. खडा टाकून पाहिला, पडल्याचा आवाज आला नाही. दुसरा टाकला. मग नाद सोडला.

पाण्याचा टँकर येतो, तो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. ड्रायव्हर म्हणतो, गाडी जड आहे, आत आणत नाही. आळशी आहे.

२० फेब्रुवारी
माझी काच फुटली. सरळ आरपार. माल हलका होता, दुसरं काही नाही.

आता काचवाल्याने पाहिलं की मला टेकडीवर नेऊन डबीएवढ्या खोलीत कोंबणार. आणि ही काय म्हणेल? काही म्हणणारही नाही, नुसती बघेल. तिचं ते बघणं मला नोकरीभर पुरलंय. घर आहे म्हणून ती येणार आहे. घर नाही म्हटलं तर कशाला येईल?

दुपारी स्टेशनरीच्या दुकानातून शाळेची पारदर्शक प्लास्टिकची फूटपट्टी आणली. कापली. आकडे पॉलिश पेपरने घासून काढले. जुन्या काचेच्या जागी बसवली. उन्हात हुबेहूब काच. शिवाय वाकते, पण फुटत नाही. खाणवाल्यांना एवढं साधं कसं सुचलं नाही?

२६ फेब्रुवारी
काचवाला फेरीवर आला. हल्ली जीपमधून उतरत नाही, आतूनच बघतो. माझ्या पट्टीकडे बघून त्याने मान डोलावली. मीही डोलावली.

हिचा फोन. भिंतींना तडे आहेत का, मेव्हणे काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, माझ्या भिंतीवर एकही फुटकी काच नाही. यात खोटं काय?

५ मार्च
काकूंच्या पट्टीवर एक रेघ उमटली. काकूंचा चेहरा मी प्रथमच उजळलेला पाहिला. कापडांचे गठ्ठे बांधून ठेवले, मशीनला जुनी साडी गुंडाळली. उद्या काचवाल्याला निरोप धाडते म्हणाल्या, आणि दोरा आणायला बाजारात गेल्या.

मी विचार केला. काकू गेल्या तर शेजारचं घर ओसाड. ही आल्यावर बोलणार कोणाशी? भिंत दोघांची, म्हणजे जबाबदारीही दोघांची. फूटपट्टीचा उरलेला तुकडा होताच. त्या परत यायच्या आत काम फत्ते. केलेले उपकार बोलून दाखवू नयेत, म्हणून गप्प बसलो.

६ मार्च
काकूंना सुईचं भोक दिसतं, पण हातभर लांबचं धूसर दिसतं. आज बराच वेळ पट्टीसमोर उभ्या होत्या. काल फुटल्यासारखी वाटली होती, आता डोळेही गेले, म्हणाल्या. मग गठ्ठे सोडले. मला थोडं कसंतरीच झालं. संध्याकाळपर्यंत गेलं.

१४ मार्च
खाणीच्या ऑफिसाचा निकाल लागला. अख्खी गल्ली हलवणार, फक्त दोन घरं सुरक्षित. एक माझं, एक काकूंचं. अभिनंदनाला कोणीच आलं नाही, जो तो सामान बांधत होता.

काकूंनी विचारलं, काच कधी चुकते का हो? मी म्हटलं, काच कशी चुकेल? त्या म्हणाल्या, यांच्याबरोबर कामाला असलेल्या सगळ्यांच्या बायका टेकडीवर गेल्या, मी एकटीच राहिले. मी म्हटलं, आम्ही आहोत ना. आज मशीनचा आवाज आला नाही.

१९ मार्च
गल्लीत आता आम्ही दोघंच. बाकीच्यांनी दारं-खिडक्याही काढून नेल्या. घरांतून आरपार दिसतं. हवा छान खेळते.

फरशीखाली कोणीतरी लोखंडी ट्रंक ओढत असल्यासारखा आवाज येतो. उंदीर असावेत. पुढचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. लाकूड फुगलंय. पाऊस नाही, तरी फुगलंय.

परवा ही येते. उद्या ओटा सारवणे, परसातलं भगदाड फळीने झाकणे.

२१ मार्च, सकाळ
ही आली. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं, बॅग तिनेच ओढत आणली. रिकामी घरं बघत आली. ओट्यावर चढली, पण दाराकडे आली नाही. आधी पट्टीकडे गेली. नखाने दाबली. पट्टी धनुष्यासारखी वाकली होती, तडा आता तळहात जाईल एवढा झालाय, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. कुठून आणलीस, तिने विचारलं. खरं सांगितलं. तिच्यासमोर मला खोटं पटकन सुचत नाही.

काकू दारात होत्या. त्यांनी आपल्या भिंतीवरची पट्टी बोटांनी चाचपली. आयुष्यभर हातात मोजपट्टी घेतलेल्या बाईला काही सांगावं लागलं नाही. माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत, आत गेल्या.

मी हिच्यासाठी खुर्ची आणायला आत आलो आणि दार बसलं. खांदा लावला, लाथ मारली, हलत नाही. ही खिडकीतून म्हणते, तसाच बाहेर ये. मी म्हटलं, स्वतःच्या घरातून खिडकीवाटे निघणं बरं दिसत नाही. दार आपोआप सुटेपर्यंत हे लिहितोय. छतातून माती पडते आहे. वहीवर पडते आहे. ही हाका मारते आहे. हिने मला असं नावाने कधी

२१ मार्च, संध्याकाळ
खिडकीतून निघालो. मला भीती वाटली. हे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला फार भीती वाटली.

काकू मशीन काढायला आत होत्या. ही आत घुसली आणि त्यांना दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. मी ओरडत होतो, कोणाला आणि काय ते आठवत नाही. त्यानंतर मधली भिंत खाली गेली. पडली नाही, खाली गेली. मागोमाग दोन्ही घरं. मशीन गेली. काकू रडल्या नाहीत. धूळ बसेपर्यंत हिने त्यांचा दंड सोडला नाही.

टेकडीवरून जीप आली, मागून दुसऱ्या गल्लीतलं सामान भरलेला ट्रक आला. काचवाला आज जीपमधून खाली उतरला. हिने त्याला सगळं सांगितलं, मला सांगता आलं असतं. त्याने विचारलं, टेकडीवर खोली किती जणांना द्यायची? ही म्हणाली, दोघींना. मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं, गडबडीत मोजायला चुकली असेल. तिने काकूंना जीपमध्ये बसवलं, त्यांच्या पदरावरची धूळ झटकली आणि स्वतः शेजारी बसली. दार लावून घेतलं.

मी मागे ट्रकमध्ये चढलो. लोकांच्या कपाटांच्या मधे जागा होती. ट्रकवाल्याने विचारलं, तुम्ही कोणाबरोबर?

सामानाबरोबर, म्हणालो.