चिंधी कुठल्या झाडाला होती

रोहा,
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय हौसा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी वहीची पानं फाडून बसले. माझं अक्षर तुला कदाचित ओळखू येणार नाही. एका डोळ्यानं लिहिताना ओळ खाली घसरते. बाकी मी बरी आहे. सुईत दोरा ओवताना दोन-तीनदा हुकते, आणि चहा ओतायच्या आधी कपाला बोट लावून बघते, तेवढंच.

आपल्या बचत गटाचं काम यंदाही दसऱ्यानंतर सुरू झालं. मशीन आता माझी जाऊ शांती चालवते. पहिल्या दिवशी तिच्या खांद्यावर पट्टा चढवून दिला तेव्हा मला तूच दिसलीस. पेणच्या दुकानातले बाबाजी मिस्त्री शिकवायला आले होते, तो दिवस. गवत कापायचं मशीन बायका चालवणार म्हणून गावातले पुरुष दगडी गडग्यावर बसून मजा बघत होते. तिसऱ्या ओढीला तू इंजिन चालू केलंस आणि त्यांचं हसू थांबलं. बाबाजींनी सांगितलं होतं, पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावरच. पात्यात गुंतलेलं गवत काढायचं ते मशीन बंद करून, प्लगची टोपी उपसून. आणि फिरत्या पात्याच्या पन्नास फुटांत दुसरं माणूस नको. मी कित्येकदा घाईनं पेट्रोलची बाटली पुढं करायचे आणि तू म्हणायचीस, "थांब गो, त्याला जरा निवू दे." बाकीच्या बायका तुला भित्री म्हणायच्या. तू हसून सोडून द्यायचीस.

चिंधीची युक्तीही तुझीच. मशीनचा आवाज लागू नये म्हणून कानात बोंडं घातल्यावर तुला माझी हाक ऐकू यायची नाही, म्हणून आपण ठरवलं होतं. मी पुढं जाऊन रांग तपासायची, दगड, बाटल्या, तारेचे तुकडे उचलायचे, आणि जिथवर जमीन साफ झाली तिथल्या झाडाला लाल चिंधी बांधायची. तू चिंधीपर्यंतच कापायचंस. मग मशीन बंद, आणि मी पुढची रांग बघायला मोकळी. दोन हंगाम आपण असं काम केलं. साधं खरचटलंसुद्धा नाही कुणाला.

नागोठण्याच्या रस्त्यावरच्या त्या आंब्याच्या बागेत चौथा दिवस होता. ऊन पाठीत शिरत होतं, आणि सव्वाचारची एसटी चुकली तर सहापर्यंत गाडी नव्हती. घामानं काच धुरकट होते म्हणून मी कामाचा चष्मा केसांवर चढवलेला. एवढं सगळ्यांना माहीत आहे, आणि एवढ्याबद्दल मला कुणी बोललंही नाही. दगड कधी उडाला ते मला कळलं नाही. पात्याचा आवाज एकदम बदलला आणि मी खाली बसले, एवढं आठवतं. चिंधी माझ्या हातातच होती, तीच डोळ्यावर दाबली. तू मशीन टाकून धावत आलीस. मला पाठंगुळी घेऊन रस्त्यापर्यंत नेलंस, टेम्पोला आडवी झालीस. दवाखान्यापर्यंत माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू एकच म्हणत होतीस, "डोळा उघडू नको गो, उघडू नको." पनवेलला नेलं, ऑपरेशन झालं, आणि पाच दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की डोळा राहिला नाही. तेव्हा माझ्या आधी तू रडलीस.

मग गटाची बैठक झाली. धोंडुबाई अध्यक्ष म्हणून विचारणारच होत्या. त्यांनी विचारलं, "सगुणा, चिंधी कुठल्या झाडाला होती?" मी म्हटलं, तू कापत होतीस त्याच्या मागच्या झाडाला. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता बोलशील. तू खाली बघत एवढंच म्हणालीस, "मग मला दिसली नसंल." दुसऱ्या दिवशी पट्टा आणि तोंडावरची जाळी धोंडुबाईंच्या ओटीवर ठेवून आलीस. महिन्याभरात तुम्ही गडबला दिराकडे राहायला गेलात.

गेल्या आठवड्यात तुझे काळुराम इथं बाजारात भेटले. मी तुझी चौकशी केली. ते म्हणाले, "ती विळासुद्धा हातात धरत नाय. भात कापायला गेली नाय यंदा. आमची आई तिला येता-जाता बोलते, तुझ्या हातानं माणूस आंधळा झाला." मी कोथिंबिरीची जुडी तशीच गाड्यावर ठेवून घरी आले.

आता का लिहिलं ते सांगते. परवा पेणला तालुक्यातल्या गटांचं मशीनचं शिक्षण होतं. चाळीसेक बायका होत्या. बाबाजी शिकवता शिकवता म्हणाले, "रोह्याकडच्या एका बाईनं चिंधी ओलांडली आणि मैत्रिणीचा डोळा गेला." शांती माझ्या कानात कुजबुजली, "हौसाचंच ना?" मी उभी राहिले आणि सांगितलं की कुणी चिंधी ओलांडली नाही. एसटी गाठायची म्हणून पुढची रांग न बघताच मी चिंधी तिसऱ्या झाडाला बांधली होती. तू तिच्या अलीकडेच कापत होतीस. तुझं मशीन चालू असतानाच चिंधीची गाठ सोडून ती आणखी पुढं न्यायला मी तुझ्यासमोर गेले होते, पन्नास फुटांच्या कितीतरी आत. गवतातला तो दगड उचलायचं काम माझं होतं. दवाखान्यात सगळे मला गरीब बिचारी म्हणत होते, आणि ते सोडवेना. एक वर्ष सोडवलं नाही. धोंडुबाईंनी गटाच्या हिशेबाची वही माझ्याकडून काढून घेतली आहे, आणि ते बरोबरच आहे. तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही, परत ये असंही नाही. सोबतचा दुसरा कागद मात्र वेगळा ठेव. त्यात त्या दिवशी काय झालं तेवढंच लिहिलंय, मोठ्या अक्षरात, आणि खाली माझी सही आहे. तो तू वाचू नकोस. काळुरामांना दे, आणि तुझ्या सासूबाईंसमोर, घरातली सगळी माणसं बसलेली असताना, त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांग.

तुझीच,
सगुणा