ओला धोटा

१२ मे १९५७, लालबाग

पोचलो एकदाचा मुंबईत. भाऊच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा बुधाजीदादा समोरच उभा होता, असा कडक इस्त्रीचा सदरा घालून, की आपलाच भाऊ असून मला वाटलं कुणी शेटजीच आहे. माझी वळकटी त्याने स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि वाटभर एकच विचारत राहिला, तुझी बकुळा केवढी झाली. म्हटलं, पाच महिन्यांची झाली, कुशीवर वळते आणि मला बघून हसते. त्यावर म्हणाला, तुला बघून गावात कोण हसत नाही? दादा तीन वर्षांत बदललेला नाही.

आमच्या गावाची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खोली एकच आणि गडी पंधरा-सोळा. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रात्रपाळीला, त्यामुळे एका अंथरुणावर दोघांचा संसार चालतो. माझी जोडी लवूशी लावली आहे. तो कामावर गेला की मी आडवा व्हायचं. अंथरूण त्याच्या अंगाने उबदार होतं. ऊब मला आवडली, घरच्यासारखं वाटलं. जेवण राधाबाईंच्या खाणावळीत. त्यांच्या आमटीला तिरफळाचा वास होता, दोनदा मागून घेतली.

कांताला रोज पत्र लिहिणं परवडायचं नाही, म्हणून जे घडेल ते इथे लिहून ठेवणार आहे. गणपतीला गावी गेलो की तिला सगळं वाचून दाखवीन.

१५ मे

काम मिळालं, पण बदलीचं. म्हणजे कुणी आला नाही तर त्याच्या जागी मी. सकाळी गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं आणि माणसं निवडणाऱ्या शामराव जॉबरच्या बोटाकडे बघत राहायचं. आज बोट माझ्याकडे आलं.

साचे म्हणजे कापड विणायचे माग, आणि साचेखात्यात इतका आवाज असतो की माणसं डोळ्यांनी बोलतात. दादाने मला धोटा भरायला शिकवलं. धोटा म्हणजे होडीसारखा लाकडी तुकडा, त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा, की सुताचं टोक सरळ जिभेवर येतं. आकड्यानेही धागा ओढता येतो, पण त्यात वेळ जातो, म्हणून सगळे तोंडच लावतात. दिवसाचा माणूस लावतो, रात्रीचा लावतो, मदतीला आलेला शेजारी लावतो, शामरावही लावतो. दादाचा दात दुखतो म्हणून त्याच्या गालात कायम लवंग असते आणि त्याच्या धोट्यालाही तीच चव. शेजारच्या साच्यावर आमच्याच खोलीतला राजाराम, त्याचा धोटा तंबाखूचा. मी तोंड वाकडं केलं तर दोघं पोट धरून हसले.

दुपारच्या सुट्टीत जगदीशची ओळख झाली. रिंगखात्यात, सूत कातायला आहे, राहतो नायगावला. गेल्या दसऱ्याला घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परवाच्या बुद्धजयंतीची खीर त्याच्या बहिणीने, शेवंतीने, कशी ढवळली ते अगदी हात फिरवून सांगत होता. बोलत बोलत माझ्याबरोबर साचेखात्याच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. आत चल म्हटलं तर हसला. म्हणाला, आमच्या माणसाला साच्यावर घेत नाहीत. आमचं तोंड लागलेला धोटा तुमच्यातलं कुणी तोंडात धरणार नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, पण माहीत सगळ्यांना आहे.

मला लाज वाटली. संध्याकाळी दादाला विचारलं, तर त्याने माझ्या ताटात भात वाढला आणि जेव म्हणाला.

२१ मे

कसलीशी फ्लूची साथ आली आहे म्हणे. मद्रासला बोटीतून उतरली, आता मुंबईत. वर्तमानपत्रात सभा-गर्दी टाळा असं छापून आलं आहे. खोलीत त्यावर हशा पिकला. कुशाबा म्हणाला, नरे पार्कला समितीची सभा ठरली की सरकारला ताप भरतो. लवूने लगेच मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची घोषणा दिली आणि देता देता खोकला. लोकांना वाटलं, जोरात ओरडला म्हणून.

२४ मे

लवू अंथरुणातून उठला नाही. कुशाबाही पडला. आता ते अंथरूण फक्त लवूचं, मी बाहेर गॅलरीत झोपतो.

मला मात्र रोज काम. साचेखात्यात दर दोन साच्यांमागे एक बंद. सकाळी फाटकावर मी माणसं बघतो आणि कोण आला नाही ते आधी शोधतो. असं करू नये हे कळतं, तरी डोळे तेच करतात.

२७ मे

राजाराम गेला. चार दिवसांचा ताप, मग छातीत घरघर. गोरापान, पहिलवानासारखा माणूस. गावी त्याची आई आहे, तिला तार केली.

जगदीश दुपारी भेटला. रिंगखात्यात बहुतेक सगळे कामावर आहेत, त्यांच्या चाळीतही तुरळकच आजारी. शामरावची मेहुणी गिरगावात राहते, तिथेही मुलांनी शाळेतून ताप आणला. पण डॉक्टर घरी येतो, आजाऱ्याला वेगळी खाट, वेगळी वाटी, आठवड्यात मुलं खेळायला लागली. मरण चाललंय ते आमच्या खोल्यांत आणि आमच्या खात्यात. जगदीशने दोन्हीकडचे आजारी बोटांवर मोजले. मग म्हणाला, "बाटायला नको म्हणून एकमेकांचंच तोंडात घेत राहिलात रे तुम्ही."

चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज रडवेला होता.

२८ मे

आज राजारामच्या साच्यावर मी. तो पडल्यापासून साचा बंदच होता. नवी कांडी घातली, धोट्याला ओठ लावले. धोटा ओला होता. आणि तंबाखू. जुनी, वाळलेली चव नाही, आत्ताच कुणीतरी तोंडातून काढून हातात दिल्यासारखी. कोमटही होता.

रात्री कोण होतं म्हणून शामरावला विचारलं. कुणी नव्हतं. नळावर जाऊन धोटा घासला, पंच्याने पुसला. पुढच्या कांडीला पुन्हा तेच.

३० मे

दादाला ताप.

खोलीतल्या जाणत्यांनी ठरवलं आहे की जेवढे आजारी आहेत तेवढ्यांना उद्याच्या बोटीने गावी धाडायचं. ही शेवटची बोट, मग समुद्र बंद. आमच्यात रीतच आहे, मुंबईचा ताप गावच्या हवेने उतरतो, पेज खाऊन माणूस उभा राहतो. मी हात जोडले. म्हटलं, ही साथ तोंडातून तोंडात जाते, आपण ती बोटीत घालून घरोघर वाटणार. आपल्या घरी बकुळा आहे, पाच महिन्यांची. त्यांनी ऐकून घेतलं आणि कोण कुणाला उचलणार ते ठरवायला बसले.

मग दादापाशी बसलो. मी रजा घेतो, इथेच तुझं करतो, म्हटलं. त्याने डोळे उघडले.

"मरूचा आसात तर घराकडे मरान. हयसर तोंडात पाणी कोण घालतलो?"

मी घालीन म्हटलं. तू साच्यावर जा, म्हणाला, नाहीतर आपला साचा दुसऱ्याला जाईल.

३१ मे

मीच त्याला पाठीवर घेऊन धक्क्यावर नेलं. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर होती आणि श्वास कानाला भाजत होता. बोटीवर गावोगावचे आजारी, घोंगड्यांत गुंडाळलेले. कुशाबाही गेला. लवू जायला उरला नाही, पहाटेच आटोपला.

बोट हलली तेव्हा दादाने हात वर केला. मी ओरडून सांगितलं, बाळाला जवळ घेऊ नको. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसणार. त्याचा जीव आहे तिच्यावर, तो घेणारच.

३ जून

कांताला पत्र टाकलं. दादाला पडवीत ठेव, त्याचं भांडं वेगळं कर, बकुळाला घेऊन माहेरी जा. घाटातून एस्टीने केव्हा पोचेल देव जाणे.

मला दादाच्या साच्यावर घातलं आहे. धोट्याला लवंगेची जुनी, फिकट चव. ती हवीशी वाटली. राजारामचा साचा शेजारी बंद. बंद आहे, पण त्याच्या पेटीतला धोटा रोज सकाळी ओला असतो.

६ जून

माणसंच नाहीत, म्हणून शामरावने रिंगखात्यातले लोक साच्यांवर बोलावले. इतक्या वर्षांचा नियम एका सकाळी मोडला, कुणी ब्र काढला नाही. जगदीश आत आला. नवा सदरा घातला होता त्याने. त्याला राजारामचा साचा दिला.

मी धावत गेलो, आकडा त्याच्या हातात कोंबला. म्हटलं, तोंड लावू नको, तूच मला सांगितलंस ना. त्याने आकडा बाजूला ठेवला.

"लावू दे रे. बापाचं आयुष्य त्या दारात गेलं."

लावलं त्याने. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तंबाखू लागते का, विचारलं. नाही म्हणाला, लाकूड लागतं नुसतं.

९ जून

लवंग आज ताजी आहे.

दादा तिकडे, समुद्र बंद, धोट्याला मी सोडून कुणाचं तोंड नाही. आणि लवंग ताजी, तिखट, जीभ बधिर होईल इतकी. धोटा कोमट, राजारामचा होता तसाच. मी साचा थांबवला आणि तिथेच रडलो. आवाजात कुणाला कळलं नाही. जगदीशने बघितलं, तो येऊन नुसता उभा राहिला.

तार आली नाही. तार यायची गरज नाही. दादा गेला.

११ जून

जगदीश आज आला नाही. तापला आहे. सुटल्यावर नायगावला गेलो. शेवंतीने मला दाराबाहेरच थांबवलं, त्यांच्या चाळीने ठरवलंय, आजाऱ्याजवळ एकानेच जायचं. बरं केलं. आमच्या खोलीने एवढं ठरवलं असतं तर. ती म्हणाली, दूध घेतो, बोलतो, वाचेल. मी पायरीवर बसून राहिलो. त्याच्या घरात ताप नव्हता, आमच्या धोट्याने तो तिथे नेला.

१३ जून

कांताचं पत्र नाही. घाटात दरड कोसळली म्हणतात.

मी आता आकडा वापरतो. शामराव ओरडतो, ओरडू दे. पण आकड्याने ओढलेला धागाही ओलाच येतो. बोटांना लाळ लागते. लवंगेची.

१५ जून

अंगात कणकण. गावी काय चाललं असेल. दादा पडवीत होता का. कांताने पत्र वाचलं असेल तर ती माहेरी — नसेल वाचलं तर —

आज नुसतीच लवंग. बाकी काही नाही. दुसऱ्या कुणाची चव नाही हे बरं आहे. रोज धोटा हातात घेतला की एवढंच मागतो.

१७ जून

ताप आहे. तरी गेलो. खोलीत पडून राहिलो तर कळणार कसं. आता मला तोंड लावावंच लागतं. घाटातून पत्र येत नाही, समुद्रातून येत नाही, इथूनच काय ते —

लवंग. फक्त लवंग. देवा, उद्याही.

१८ जून

सकाळी कांडी भरली. डोळे मिटले, ओठ लावले.

लवंग नव्हती. आधी वाटलं, सुटलो. मग जिभेवर दूध आलं. कोमट, आंबूस. पोट भरल्यावर ओठांच्या कडेला राहतं, तेवढंच. धोट्याला दात लागलेल्याची खूण नाही, नुसत्या हिरड्यांनी धरून —

मी तो खाली ठेवला नाही. शामराव हलवत होता, जगदीशच्या जागी आलेला कुणी हलवत होता. मी एका हाताने तो ओठांशी तसाच धरून उभा आहे, दुसऱ्याने हे लिहितो आहे. काढला तर तिचं तोंड सुटेल. कांता, तिने विचारलं तर सांग तिला, बाबाने सोडलं ना—