कोणाचा दबाव नव्हता

मंगळवार, ११ ऑगस्ट १९९८
कारखान्यातल्या आमच्या कुसुमची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. उजव्या हाताची. हात आत जाऊ नये म्हणून असते ती मशीनची जाळी महिनाभर काढूनच ठेवलेली, शेठनीच काढायला सांगितली, माल भराभर निघतो म्हणून. मी समोर होते तेव्हा. वालीवहून रिक्षात दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत ती एकच म्हणत होती, "काकी, पानी."

बुधवार
शेठनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, पोलीस येतील, जाळी लावलेली होती, पोरीने स्वतः काढली, एवढंच सांगा. मग म्हणाले, "तुमचे मिस्टरही आपल्याकडेच आहेत ना, वॉचमन?" बस. आवाजही चढवला नाही.
चहा प्यायले मी. पूर्ण.

शुक्रवार
हवालदार आले. शेठ म्हणाले तसंच सांगितलं. शेठ शेजारी उभे. हवालदारांनी विचारलं, "कोणाचा दबाव नाही ना?" नाही म्हटलं.
घरी ह्यांना सांगितलं, नाइलाज होता. हे म्हणाले, मग काय करणार.
नाइलाज. जबरदस्ती म्हणावी तर हात कोणी धरला नाही. भाग पाडलं म्हणावं, तर चहाच तर पाजला. बोलले मात्र मीच. झोप नाही.

रविवार
गास गावी गेले, कुसुमच्या घरी. ओटीवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. तिच्या कानावर गेलेलं सगळं. आई आतून बाहेर आलीच नाही.
कुसुमने विचारलं, "तुमाला मारलं का कोनी?"
नाही म्हटलं.
"धमकी दिली?"
तशी नाही, म्हटलं.
"मंग, काकी?"
नेलेली केळी ओटीवर ठेवून उठले. ती उठली नाही. बरोबरच आहे.

बुधवार, १९ ऑगस्ट
ह्यांची रात्रपाळी बंद, दिवसाची दिली. वर्षभर मागत होते. मी शब्द टाकला नव्हता, देवाशपथ. हे खूश आहेत, मला ताटावरून उठावंसं वाटलं.
कुसुमच्या भावाने कामगार ऑफिसात तक्रार केलीय. सोमवारी मला बोलावलंय. शेठना कळलं असणारच, आज नुसते हसले.
संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलून पाहिलं. "जाळी काढलेली होती." पहिल्यांदा नुसतं पुटपुटले. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हटलं. बाहेरून ह्यांनी विचारलं, कोणाशी बोलतेस?
कोणाशी नाही, म्हटलं.