पाठीत लागलेल्या बाणाचा खुलासा

तीर्थरूप ताईस नमस्कार (आणि आपल्या पथकाची प्रमुख म्हणून आणखी एक, वेगळा).

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं बरी आहोत. म्हणजे ही बरी आहे, आणि गेल्या रविवारी पथकातून नाव कमी झाल्यावर माणूस जितका बरा असू शकतो तितका मीही आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळात तुझ्या पाठीत बाण मी मारला, हे मी नाकारत नाही. सगळ्यांनीच पाहिलं. भावोजींनी तर तो प्रसंग रेकॉर्ड करून मला दोनदा पाठवला (दुसऱ्यांदा संथ गतीत, त्याची काही गरज नव्हती). पण तू हेडफोनमधून जे म्हणालीस, "लहानपणापासून तू असाच आहेस," ते मात्र मनाला लागलं. म्हणून सविस्तर लिहायचं ठरवलं. फोन केला असता तर तू मधेच बोलली असतीस.

तर झालं असं की, पुलावरची लढाई रंगात आली की माझा पडदा अडखळायला लागतो. कोपऱ्यात एक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं दिसताहेत त्याचा. त्यांना फ्रेम म्हणतात. साठ असल्या की पडद्यावरचा माणूस चालतो, तीस असल्या की लंगडतो, आणि त्या दिवशी माझ्याकडे नऊ होत्या. नऊ फ्रेममध्ये कुणी चालत नाही. तो इथे असतो आणि मग एकदम तिथे असतो. मी नेम धरला तेव्हा समोर शत्रूचा भालेवाला होता. बाण सुटला तेव्हा समोर तू होतीस. मधे काय घडलं ते माझ्या कॉम्प्युटरने मला कळवलंच नाही.

सोमवारी मी सगळा राग इंटरनेटवर काढला. कंपनीला तीन वेळा फोन करून असं काही बोललो, की मंगळवारी सकाळीच त्यांचा माणूस शिडी घेऊन हजर. त्याने खिडकीबाहेरची वायर तपासली, मोबाइलवर काहीतरी मोजलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, नेट म्हणजे पोस्टमन. तुमची पत्रं वेळेवर येताहेत. तुम्हालाच वाचायला वेळ लागतोय." मला हे वाक्य इतकं आवडलं की दुकानात घड्याळं दुरुस्तीला घेऊन आलेल्या तिघांना मी ते ऐकवलं (त्यातल्या एकाने मला डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर दिला).

मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला गाठलं. तोही खेळतो. तो म्हणाला, सेटिंगमध्ये जाऊन सावल्या काढा. काढल्या. फ्रेम अकरा झाल्या. झाडांची पानं काढा. बारा. मग ढग गेले, पाणी सपाट झालं, माणसांच्या चेहऱ्यांवरचे नाकडोळे गेले. शेवटी सगळं रणांगण साबणाच्या वड्यांनी भरल्यासारखं दिसायला लागलं. आपले निळी वडी, शत्रू जरा जास्त निळी वडी. एवढं करून फ्रेम किती, तर तेरा. (हा माणूस दिवसभर दात काढतो, त्याला कशावरही काढून टाकणं हाच उपाय सुचणार, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.)

बुधवारी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि कॉम्प्युटरचा डबा स्वतः उघडला. पस्तीस वर्षं घड्याळं उघडणाऱ्या माणसाला डब्याची काय भीती! डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला. आतल्या पंख्यात धुळीची अख्खी गोधडी निघाली, मांजराचे केस निघाले, आणि हिच्या कानातली ती रिंग निघाली, जिच्यापायी मी दोन वर्षं बोलणी खात होतो. सगळं साफ करून परत जोडलं तर एक स्क्रू उरला. घड्याळात स्क्रू उरला असता तर मला घास गेला नसता. इथे मात्र कॉम्प्युटर स्क्रूवाचून खुशाल सुरू झाला. त्या क्षणी त्या यंत्राबद्दलचा माझा आदर संपला. फ्रेम चौदा.

गुरुवारी हार मानली. डबा चादरीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंकडे गेलो. (शेजारच्या बाईंनी चादर जरा बाजूला करून आत पाहिलं. त्यांना काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही.) कॉम्प्युटरवाल्या बाईंनी डबा उघडलासुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की पडद्याची वायर मागे कुठे लावता? मी बोट ठेवून भोक दाखवलं. सेल संपलेलं घड्याळ बिघडलं म्हणून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी जसा बघतो, तशा त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"काका, ही वायर खालच्या ग्राफिक्स कार्डात लावायची. चित्रं तेच काढतं. वर लावली की कार्डाला कामच उरत नाही."

खोलीला रंग दिला तेव्हा टेबल मीच हलवलं होतं आणि वायरही मीच लावली होती. त्याला सोळा महिने झाले.

ताई, आता अवघड भाग. ते कार्ड म्हणजे त्याच महिन्यात माझ्या साठीला तू आणि भावोजींनी दिलेलं कार्ड. तू दर महिन्याला विचारायचीस, कार्ड कसं चाललंय, आणि मी म्हणायचो, काय सांगू, केवढा फरक पडलाय! मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच फरक दिसत होता. एकदा तर मी तुला सांगितलं, की आता नदीतले मासेसुद्धा दिसतात. ते मासे नव्हते. ते काय होतं, मला अजून माहीत नाही.

वायर खाली लावली. फ्रेम एकशेवीस! पथकात नसलो तरी प्रेक्षक म्हणून बघता येतं, म्हणून काल तुमचा सराव गुपचूप पाहिला. त्या पुलाला कठडा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. आणि एक दिसलं. पूल ओलांडण्याआधी तू दर वेळी थांबतेस, मागे वळतेस आणि सगळे आले का ते बघतेस. इतके महिने मला तू फक्त अलीकडे दिसायचीस आणि मग एकदम पलीकडे. मधलं हे वळून बघणं माझ्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. काल मात्र तू वळलीस, मोजलंस, आणि एक कमी भरला तेव्हा जरा वेळ थांबलीस. मला तरी तसं वाटलं.

यंत्राचा दोष होता, तो दूर झाला. माझी बाजू मी मांडली. निर्णय तुझा.

तुझा (सध्या निलंबित) भाऊ

ता. क. लपवून ठेवणं बरं नाही म्हणून कळवतो. आज दुपारी हिला मोबाइलवरून खेळात सोबत घेऊन सराव केला. माझा पहिलाच बाण हिच्या पाठीत लागला. फ्रेम एकशेवीसच होत्या. हिने वळून पाहिलं तेव्हाचा चेहरासुद्धा स्वच्छ दिसला.

आणखी ता. क. खरं सांगायचं तर धनुष्य नसलं तरी चालेल. पडलेल्या भिंती बांधणारा गवंडी असतो ना, त्याच्या हातात काही शस्त्र नसतं. मला ते काम दे. येत्या रविवारी चार वाजता कानात तुझा आरडाओरडा नसेल, या विचाराने आत्तापासूनच घर फार मोठं वाटतं.

वन्सं, पाकीट चिकटवायच्या आधी मी दोन ओळी लिहिते. रविवारपासून हे घरातली चांगली चालणारी घड्याळं उघडून बसलेत. पाच झाली, आता माझ्या मनगटाकडे बघताहेत. कृपा करून त्यांना परत घ्या, आणि हवं तर धनुष्यही द्या. बाण लागला तरी तुम्ही तिथे दहा सेकंदांत पुन्हा उठून उभ्या राहता. मला इथे ती सोय नाही.