फोटोपुरतं सफरचंद

२६ सप्टें. ८३, सोम.
मोठ्या बाईंनी सकाळीच बोलावलं. शनिवारी बालवाडीला देणगी देणारे शेटजी सपत्नीक येणार. सफरचंदं वाटणार, फोटो निघणार. "तुम्ही सफरचंदाची गोष्ट बसवा. मुलं हसली पाहिजेत." वर म्हणाल्या, नीट झालं तर तुमचं कायम करायचं बघू. कधीपासून 'बघू'च चाललंय. पण गोष्टीचं काम मला आवडतं.

२७, मंगळ.
वर्गात विचारलं, सफरचंद कुणी खाल्लंय? एकही हात वर नाही. मग मंदा उठली. फुलवालीची पोर, पुढेच बसते, तोंडाला कुलूप नाही. "बाई, ते आजारी मानसाचं असतं. आमच्या आबाला आनलं व्हतं. मंग आबा मेला." पोरं हसली. मीही. मग कसंतरी झालं. गोष्ट अशी हवी की तिची भीती जावी.

२९, गुरु.
जमली! काश्मीरहून ट्रकात बसून एक सफरचंद नाशकात येतं. मंडईत कुणी विचारत नाही. द्राक्षं नाक मुरडतात, पेरू चिडवतो. शेवटी ते रडायला लागतं, "मला कुणी खातच नाही!" की मुलांनी ओरडायचं, "मी खाते! मी खातो!" आणि हवेत चावा. कर्रर्र! मंदाचा आवाज सगळ्यांत मोठा. दोनदा सांगायला लावली. आज बरं वाटतंय.

१ ऑक्टो., शनि.
लिहवत नाही.
मुलं ओळीत, प्रत्येकाच्या हातात सफरचंद. गोष्ट रंगली. फोटो झाला. आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "आता सगळी टोपलीत ठेवा." दुपारी दुसऱ्या बालवाडीत हीच सफरचंदं, असाच फोटो. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलं मुकाट ठेवत गेली.
मंदाच्या सफरचंदाला चावा होता.
मो. बां.नी तिला दंडाला धरून पुढे आणलं. शेटाणीबाई हसत म्हणाल्या, "राहू द्या हो." "राहू द्या कसं? हीच सवय लागते." उष्टं सफरचंद तिच्या दोन्ही हातांत. खायचं नाही, खाली ठेवायचं नाही. मुलांकडून म्हणवून घेतलं, हावरट मंदा, हावरट मंदा. मुलं हसली. फोटोवाल्यानं विचारलं, "हिचा काढू का एक?"
मी म्हटलं, "बाई, गोष्टीत मीच..."
"तुम्ही टोपली धरा."
धरली.
मंदाची चड्डी ओली झाली तेव्हा कुठे सोडलं. सफरचंद बाहेर शेळीला टाकलं. मंदा बघत होती.

३, सोम.
मंदा नाही. मो. बा.: "नाव कमी करा. आई आली तर सांगा, पोरगी चोरी करते."

४, मंगळ.
आई आली, डोक्यावर फुलांची पाटी. मो. बा. समोरच. "बाई, लय मारलं मी तिला. तरी म्हनती, गोष्टीत बाईच म्हनल्या खा. खोटं बोलती का वो?"
मो. बा. माझ्याकडे बघत. "सांगा की."
"खरं बोलते ती. मीच सांगितलं होतं."
आई पाटीसकट उंबऱ्यावर बसली. "मंग मी उगंच मारलं," एवढंच. मो. बा. आत निघून गेल्या.

६, गुरु.
मो. बा. म्हणाल्या, कायम करण्याचा विषय संपला. सोमवारपासून यायचं की नाही ते कळवते. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
संध्याकाळी मंदाकडे गेले. दारात झेंडू ओवत होती. पोटरीवर काठीचे वळ. मान वर केली नाही. म्हटलं, नाव परत घालायला लावते, येशील ना? आणखी एक झेंडू ओवला. मग तिनंच विचारलं,
"तुमी असशाल का तिथं?"
मला तरी कुठं माहीत.