उत्कर्षच्या बँडमागे डबा घेऊन

हॅम्बर्ग

ती. नाना,
सुनेचा साष्टांग नमस्कार.

तुमचा नातू नॉर्वेच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. त्या प्रकाराला ब्लॅक मेटल म्हणतात. तोंडं काळी-पांढरी रंगवून किंचाळतात. पोरगं सैतानाच्या नादी लागलं, या धास्तीने मी शनिवार धरले होते. पूर्वी तळघरात मूठभर लोक ऐकायला यायचे, काल इथलं मोठं सभागृह भरलं.

कार्यक्रम सुरू होण्याआधी मी डबा घेऊन स्टेजमागे गेले. ताडमाड ड्रमवाला अनवाणी उभा! बूट कुठे, विचारलं तर म्हणाला, "उत्कर्ष वाद्यांजवळ घालू देत नाही. त्याच्या आजोबांचा नियम आहे." मग रंगवलेल्या तोंडांनी सगळ्यांनी आपापल्या वाद्याला नमस्कार केला. उत्कर्ष हसला. "आई, सैतान नाही गं. बर्फाची, जंगलाची गाणी आहेत. आता डबा दे."

तोंडं रंगवल्याचं वाचून तुमचं बीपी चढेल, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. नियमाचं मात्र फोनवर सांगेन.

गाणी मला ओ की ठो कळली नाहीत. पण घरी येऊन देवापुढे हात जोडले, तर मागायला काही सुचेचना.

तुमची सून,
स्वरूपा