पान सापडेल कशावरून?

४ ऑगस्ट, सोमवार
ग्राफ थिअरीचा पहिला तास. सरांना वाटलं, कुणाची तरी आई आलीय. "पालकांनी ऑफिसात बसा." म्हटलं, रोल नंबर माझाच आहे. वय छत्तीस, बी.एस्सी. दुसरं वर्ष. मुद्दाम पहिल्या बाकावर बसले.
ग्राफ म्हणजे नुसते ठिपके नि त्यांना जोडणाऱ्या रेषा. रेष वाकडी आली तरी चालते. कोण कुणाला जोडलंय एवढंच बघायचं. आवडलं.

६, बुध.
आज झाड. सगळे ठिपके जोडलेले, पण फिरून परत आणणारा वेढा कुठंच नाही. रेषा ठिपक्यांपेक्षा एकानं कमी. सर म्हणाले, सिद्धता पाठ करा. मी हात वर करून सांगितलं : एकच रेष असलेला ठिपका म्हणजे पान. पान खुडत जायचं. दरवेळी एक ठिपका, एक रेष जाते. शेवटी एक ठिपका, शून्य रेषा. झालं की!
सरांनी विचारलं, "पण दरवेळी पान सापडेल कशावरून?"
मी प्रश्न वहीत उतरवून घेतला. पोरं हसली. सर : "मावशी, परीक्षेपुरतं करा."
नाही करणार परीक्षेपुरतं.

९, शनि.
औंधहून मामंजींचा फोन. "सूनबाई, बास झालं सांगलीत. म्हशी कोण बघणार? ह्या वयात कसलं कालिज?"
"आवं मामा, लग्नाच्या बैठकीत शिकवू म्हणला हुता तुमी. मी येणार न्हाई."
फोन आपटला. हे कुपवाडच्या कारखान्यातून शिफ्ट करून आले, ऐकून घेतलं. "म्हातारं लय तापलं असंल." बास, एवढंच. कुणाच्या बाजूनं, कळेना.

१०, रवि.
कपडे पिळता पिळता हात थांबले. समजा, पान नाहीच. मग ज्या ठिपक्यात शिरू तिथून बाहेर पडायला दुसरी रेष असणारच. चालत राहा. ठिपके मोजकेच, म्हणजे कधीतरी जुन्यावर परत येणार. हाच वेढा! आणि झाडात तर वेढा नसतोच!

११, सोम.
"सर, खडू द्या."
मांडलं सगळं. सर : "एकच ठिपका असेल तर?" "मग खुडायचं काय? शून्य रेषा." कोणी हसलं नाही. सर : "बरोबर आहे. बसा, शिंदे."
मावशी नाही. शिंदे.

१३, बुध.
उद्या मामंजी येणार, मला न्यायला. हे म्हणाले, "चार दिवस जाऊन ये, मग बघू." हे 'मग बघू' मला सतरा वर्षं ठाऊक आहे.
"दहाला तास हाय. स्टँडवर तुमी जावा."
हे उठले. मग गाडीची किल्ली शोधून खिशात टाकली. सकाळी मला कॉलेजात सोडायला की मामंजींना आणायला, ते सांगितलं नाही. मी दप्तर भरलं.